पहूरले शे, काढू नको

कौतिक बोरसेबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल एक कबुली द्यायला हवी. माझी जीभ सैल आहे. मी मोतीलाल, जळगावच्या बियाणे संघात भांडार सांभाळायचो. दिवसभर पोती आणि सुतळ्यांत बसलेल्या माणसाला दुसरी करमणूक नसते, म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायचो. बहुतेक जण हसायचे, दोन शिव्या द्यायचे आणि विसरायचे.

कौतिक त्यातला नव्हता. आम्ही दोघं जळगावातच, मेहरूणला एका खोलीत राहायचो. तो मूळचा धुळ्याकडचा, बोलायला बसला की तोंडात अहिराणीच. बायको लताबाई धुळ्याला शाळेत शिक्षिका, मुलगी उज्ज्वला तिच्याजवळ. १९८४ साली संघानं कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्यासाठी धुळ्याच्या शाखेतून कौतिकला वर्षभराच्या बोलीवर जळगावला आणलं. उज्ज्वला तेव्हा पहिलीत होती. आमच्या साहेबांना सगळे नाना म्हणत. नानांनी त्याला शब्द दिला होता, की यंत्राची घडी बसली की तू परत धुळ्याला.

घडी बसली नाही याचं कारण पहूर. पहूरला आमचं तपासणी केंद्र होतं. शंभर दाणे ओल्या कापडात गुंडाळून ठेवायचे, आठवड्यानं उघडायचे आणि किती उगवले ते जळगावला कळवायचं. पहूरचा फोन लागला तर नशीब. म्हणून संघानं कुठल्याशा लिलावातून एक जुना टेलिप्रिंटर घेतला होता. त्यावर आकडे टाइप केले की कागदाची अरुंद, भोकाभोकांची पट्टी बाहेर यायची. तिला आम्ही टेप म्हणायचो. टेपची गुंडाळी पत्र्याच्या डब्यात घालून दुपारच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायची, की ती जळगावला हजर. हे काम सलीमा नावाची मुलगी करायची. पहूरच्या बाजारात डबे-बादल्या बनवणाऱ्या हबीब मिस्त्रीची ती थोरली मुलगी. घरातली पहिली पगाराची नोकरी तिची.

आता नव्या यंत्राला ही टेप वाचता यायला हवी ना. या यंत्राच्या पोटात एक मुख्य प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. पडदा, कळफलक, प्रिंटर, जे काही यंत्राला जोडलेलं असतं त्या सगळ्यांशी तोच बोलतो. त्याला ज्याची भाषा येत नाही ती वस्तू जोडूनही उपयोग नाही. आमच्या चेअरमनना हे शेवटपर्यंत कळलं नाही. नवा कर्नल येतोय असं ऐकून त्यांनी एकदा वरणगावच्या दारूगोळा फॅक्टरीतले कोणी लष्करी साहेब समजून हार मागवला होता. तर मुंबईची कंपनी म्हणाली, असली भोकांची पट्टी आमच्या कर्नलला वाचता येत नाही आणि आम्ही शिकवणारही नाही. कौतिकनं चार महिने जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचली आणि कर्नलमध्ये स्वतःचा एक तुकडा लिहून घातला. यंत्र टेप वाचायला लागलं. नानांनी सगळ्यांना पेढे वाटले.

त्या पेढ्यांनीच तो अडकला. बाकीचं यंत्र कंपनी सांभाळायला तयार होती, पण हा तुकडा फक्त कौतिकचा. बदलीचा अर्ज केला की नाना म्हणायचे, "बोरसे, जोवर ती टेप, तोवर तुम्ही."

दर मार्चमध्ये कंपनीकडून एक यादी यायची. यंत्राला जोडलेल्या प्रत्येक वस्तूपुढे 'वापरात आहे' किंवा 'वापरात नाही' अशी खूण करायची. जे वापरात नाही ते पुढच्या कर्नलमधून काढून टाकायचं, म्हणजे पोटातली अडगळ कमी. टेपपुढे 'वापरात नाही' अशी खूण केली की पहूरचे आकडे साध्या कागदावर आले असते, इथल्या कुणीही टाइप केले असते आणि कौतिक त्याच महिन्यात धुळ्याला गेला असता. हे त्याला माहीत होतं. दर मार्चमध्ये तो ती यादी खोलीवर आणायचा, पुढ्यात घेऊन बसायचा, आणि दर मार्चमध्ये 'वापरात आहे' अशी खूण करायचा.

"अरे, मार ना एक खूण," मी एकदा वैतागून म्हणालो. "बायको-पोर तिकडं, तू इकडं. कुणासाठी?"

"सलीमानी नोकरी जाई, मोतीलाल. टेप नही ते तठे तिनं काय काम? माले ते जमाव नही."

त्यानं सलीमाला तेव्हा दोन-तीनदाच पाहिलं होतं. टेप समजून घ्यायला गेला तेव्हा, आणि नंतर टेलिप्रिंटरच्या दुरुस्तीला गेला तेव्हा. पण माणूस असाच होता. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून आत बसणारा.

मी काय केलं ते आता सांगतो.

१९८५ च्या उन्हाळ्यात कंपनीचा रतिलाल नावाचा इंजिनिअर मुंबईहून आला. त्याला मराठी जेमतेम. कर्नलमधला कौतिकचा तुकडा तपासताना त्याला एक ओळ दिसली. प्रोग्राम लिहिणारे लोक पुढच्याला कळावं म्हणून मध्ये मध्ये स्वतःच्या भाषेत टिपणं करून ठेवतात. कौतिकनं रोमन अक्षरांत लिहिलं होतं: पहूरले शे, काढू नको. म्हणजे पहूरला हे आहे, काढू नको. पण आमचं 'शे' रोमनमध्ये लिहिलं की इंग्रजीतल्या 'ती'सारखंच दिसतं. रतिलाल यंत्राच्या काचेच्या खोलीतून बाहेर आला आणि विचारू लागला, ये पहूरवाली 'शी' कौन है?

तिथं सात-आठ जण होते. सगळे खानदेशचे, 'शे' म्हणजे 'आहे' हे घरातच शिकलेले. एकानं सांगितलं असतं तर संपलं असतं. मी म्हणालो, "सलीमा नाव आहे तिचं. तिच्यासाठीच तर साहेब धुळ्याला जात नाहीत."

काय हसले सगळे. मलाही वाटलं, बरं जमलं. दुसऱ्या दिवशी पहूरचा डबा आला तेव्हा त्यावर कुणीतरी मोगऱ्याची वेणी ठेवली होती. कौतिकनं ती उचलून खिडकीत ठेवली, टेप काढली आणि काचेच्या खोलीत निघून गेला. संध्याकाळी मला एवढंच म्हणाला, "ती पोरगी शे, मोतीलाल. तिनं लगीन व्हवानं बाकी शे."

मी म्हटलं, अरे, गंमत होती.

गंमत पारोळ्याच्या एका लग्नातून धुळ्याला पोचली. लताबाईंनी त्याला एकदाच विचारलं, जेवताना, भाकरी मोडता मोडता. त्या भांडल्या नाहीत. त्यानं सांगितलं, असलं काही नाही आणि मी पुन्हा पहूरला पाऊल ठेवणार नाही. हे त्यानं पाळलं. टेलिप्रिंटर बिघडला की संघाच्या पंडित मिस्त्रीला पाठवायचा. फोन लागला तरी दुसऱ्याला बोलायला लावायचा. डब्यात कधी एक ओळ लिहून पाठवली नाही, कारण डबा माझ्या भांडारातून जायचा.

अशी नऊ वर्षं गेली. काचेच्या खोलीत एसी होता. जळगावच्या मे महिन्यात आम्ही बाहेर भाजून निघायचो आणि कौतिक आत स्वेटर घालून बसायचा. खिडकी सीलबंद, दार बंद, धूळ नको म्हणून चपला बाहेर. त्याच्या नशिबाचा आम्हाला हेवा वाटायचा. एकदा त्यानं मला सांगितलं, आत बसलं की पाऊस पडतोय की ऊन आहे ते कळत नाही. डब्यावरच्या धुळीवरून किंवा थेंबांवरून पहूरला काय हवा आहे तेवढं कळतं. मी विषय बदलला.

शनिवारी एरंडोल, पारोळा करत एस.टी.नं धुळे, सोमवारी पहाटे परत. उज्ज्वला दुसरीतून तिसरीत, चौथीतून पाचवीत गेली, आणि याला प्रगतिपुस्तकावर सही करायला कधी मिळालं नाही, कारण ते हातात पडायचं मंगळवारी. लताबाई सही करायच्या. १९९४ च्या फेब्रुवारीत तो रविवारचा गेला होता. दहावीचा अभ्यास करत बसलेल्या उज्ज्वलानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "पप्पा, तुमची गाडी कितीची आहे?" तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. पाहुण्याला जसं विचारतात तसं तिनं विचारलं. हे सांगताना कौतिकचा आवाज फुटला. मी त्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

त्याच मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं. नवं यंत्र, नवा कर्नल. टेप, जुने प्रिंटर, आठ इंची डिस्क, सगळी जुनी साधनं आम्ही कायमची काढत आहोत. कुणाला हवी असल्यास आपापल्या जबाबदारीवर पुन्हा घालावीत. कौतिकला ते दोन महिन्यांत जमलं असतं. नाना तर गृहीतच धरून बसले होते.

कौतिकनं ती यादी खोलीवर आणली नाही. काचेच्या खोलीतच टेपपुढे 'वापरात नाही' अशी खूण केली, सही केली आणि नानांच्या टेबलावर ठेवली. जुन्या यंत्रावरचा स्वतःचा तुकडाही त्यानं स्वतःच्या हातानं पुसला. नानांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. पंधरा दिवसांत धुळ्याच्या बदलीची ऑर्डर निघाली, आणि त्याच टाइपरायटरवर दुसरा कागद निघाला, की पहूरची टेप ऑपरेटरची जागा एक मेपासून बंद.

"ते कागद मी स्वतः देसू तिले," कौतिक मला म्हणाला. "तू चाल मनासंगे. एकला गऊ ते लोके बोलतीन."

नऊ वर्षांनीसुद्धा त्याला माझ्या त्या वाक्याची भीती होती. मी मुकाट्यानं त्याच्याबरोबर गेलो.

पहूरचं केंद्र म्हणजे दोन खोल्या. ओल्या कापडाचा वास, आणि कोपऱ्यात तो टेलिप्रिंटर, वर स्वच्छ पांघरूण. सलीमा उठून उभी राहिली. पस्तिशीची झाली होती. ओढणी नीट केली, खुर्च्या पुसून दिल्या, चहा सांगितला. कौतिकला तिनं लगेच ओळखलं. माझं नाव त्यानं सांगितलं.

त्यानं कागद पुढं केला. तिनं तो दोनदा वाचला.

"म्हणजे टेप बंद?"

"हो."

"आणि तुमचं मशीन? टेपशिवाय चालेल ते?"

"चालेल," कौतिक म्हणाला. "कागदावर आकडे पाठवले तरी चालतात."

"आता चालेल का, बोरसेभाऊ, का आधीपण चाललं असतं?"

कौतिकला खोटं बोलता येत नाही. "आधीपण चाललं असतं," तो म्हणाला.

सलीमा खाली बसली. चहाच्या कपाकडे बघत हळूहळू बोलली. सत्त्याऐंशी साली तिला जामनेरला उर्दू शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. ऑर्डर हातात होती. त्याच आठवड्यात पंडित मिस्त्री टेलिप्रिंटर दुरुस्त करायला आला होता. तिनं त्याला विचारलं, मी गेले तर टेपचं काय? तो म्हणाला, टेप थांबली तर बोरसे साहेबांच्या हाताला काम काय राहील, त्यांची सगळी नोकरीच या टेपवर आहे. त्यांना धुळ्याला बायको आहे, लहान मुलगी आहे.

"अब्बा म्हणाले, जा. मी म्हटलं, भाऊंच्या पोटावर पाय देऊन कशी जाऊ? दुसरं कोणी शिकलं की जाईन. दुसरं कोणी आलंच नाही शिकायला. मग वय निघून गेलं शाळेच्या नोकरीचं."

नऊ वर्षं कौतिक तिच्यासाठी तिथं बसला होता, आणि सात वर्षं ती त्याच्यासाठी इथं. टेप कुणालाच नको होती. ती रोज दुपारच्या गाडीनं येत होती आणि माझ्या हातातून जात होती.

"मी तुमच्या नोकरीसाठी ठेवली होती," शेवटी तो म्हणाला.

सलीमानं वर पाहिलं. तिला रागावताही येईना. "एकदा यायचं होतं ना, भाऊ," ती म्हणाली. "दीड तासाची वाट. नाहीतर डब्यात एक चिठ्ठी टाकायची. मी उत्तर दिलं असतं. कोणी अडवलं होतं तुम्हाला?"

मी जमिनीकडे बघत होतो. मला माहीत होतं, आता कौतिक माझ्याकडे बघणार. त्यानं बघायला हवं होतं. त्यानं बोट दाखवून सांगितलं असतं तर मी तिच्या पाया पडलो असतो आणि निदान तेवढ्यापुरता सुटलो असतो.

तो माझ्याकडे वळलासुद्धा नाही.

"कोनी नही," तो म्हणाला. "मी आलोच नाही."

सलीमानं मान हलवली. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुमचा चहा गार झाला, मोतीलालभाऊ. दुसरा सांगू?"