ओलं गोणपाट आणि न दिसलेली गळती

मंगळवेढ्याजवळच्या बायोगॅस प्रकल्पाला जावं की नाही, यावर मी जरा घुटमळलेच. एप्रिलमधलं सोलापूर! पण वेल्डिंगआधी पाइपची गळती तपासायची होती आणि इन्फ्रारेड कॅमेरा चालवणारं दुसरं कुणी मोकळं नव्हतं. पुण्याहून गाडीनं निघाले. हायवे उत्तम आहे, फास्टॅग भरलेला ठेवा. सोलापुरात सात रस्त्याजवळ हजाराच्या आत बरं लॉज मिळतं. फक्त वरच्या मजल्यावरची खोली घेऊ नका, स्लॅब रात्रभर तापलेला असतो.

सकाळी मंगळवेढा. रस्त्याकडेला कडब्याच्या गंजी. एका खानावळीत ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. एवढ्यासाठीही इथं यावं.

प्रकल्पात मळीचा वास इतका, की गॅसचा वेगळा कळणं अशक्य. हा कॅमेरा न दिसणारा मिथेन पडद्यावर धुरासारखा दाखवतो. उन्हाची चकाकी नको म्हणून मी वेल्डिंगचा जोड शेडखालून, मागं सावलीतली भिंत येईल असा सावकाश पाहिला. काहीच नाही.

"मॅडम, ह्यात माझं पोट बी दिसतंय व्हय?" परांचीवर चढताना वेल्डर दत्तामामांनी विचारलं.

"त्याला यंत्र कशाला? सात रस्त्यावरनं दिसतंय की!" खालून सुपरवायझर म्हणाले.

मी हसले. "गळती नाही, करा सुरू," म्हणाले. मामांनी ठिणग्या अडवायला ओलं गोणपाट जोडामागं टांगलं. कॅमेरा अजून चालूच होता. पडद्यावर गार गोणपाट काळं दिसलं आणि त्याच्यापुढे जोडातून फिकट धूर वर चढत होता.

"मामा, थांबा! पेटवू नका!"

"आत्ता तर न्हाय म्हणालात की ओ!"

"चुकलं माझं. उतरा आधी."

सगळ्यांना लांब करून, गोणपाट तसंच ठेवून मी गळती मोजली. मग व्हॉल्व्ह बंद झाला. मागची भिंत आणि गॅस सारख्याच तापमानाचे असले, की हा कॅमेरा आंधळा होतो. हे मी इतरांना शिकवते. तरी भिंतीचं तापमान घेतलं नव्हतं.

चहा पिताना मामा म्हणाले, "आमच्या घरी बोलू नगा हां. बायको कामाला सोडायची न्हाय."

घरी आल्यावर जुनी चित्रणं उघडली. एका कारखान्यात जोडामागं अशीच सावलीतली भिंत होती, आणि तिथंही मी निर्धास्तपणे 'गळती नाही' म्हटलं होतं. तिथल्या साहेबांना फोन लावला.

"मला पुन्हा तपासायचंय. तोवर तिथं वेल्डिंग करू नका."