लांब मोज्याची कडी

भिवंडीच्या नारपोलीत आम्ही राहायचो त्या गल्लीच्या टोकाला एक गाळा होता. तिथं पत्र्याच्या बारीकसारीक वस्तू बनत. पट्ट्यांची बक्कलं, पर्सच्या कड्या, ब्लाउजचे हूक. डिप्लोमा झाल्यावर मी तिथं ड्रॉइंग काढायला लागले. माझ्या टेबलाला अगदी लागून पत्रा ठोकून कापायची प्रेस होती. तिचा दणका बसला की पेन्सिल कागदावरून उडायची, म्हणून दोन दणक्यांच्या मधल्या वेळात रेघ ओढायची सवय मला लागली होती.

एका सकाळी शेठ मुंबईच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आले. दवाखान्यांना लागणारं सामान विकायचं त्याचं दुकान होतं. त्याने टेबलावर एक चपटा खोका ठेवला आणि खोक्यावर धातूचा लहानसा तुकडा.

"ओळख, हे काय आहे," शेठ म्हणाले.

मी तो उलटसुलट करून पाहिला. वर पट्टी ओवायला चौकोनी जागा. त्याखाली लोंबणारी जीभ, जिभेच्या टोकाला बटण. आणि वरून बटणावर पडणारी तारेची कडी, एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला चिंचोळी, कुलपाच्या भोकासारखी.

"पर्सचं लॉक?"

व्यापारी हसला. त्याने खिशातला रुमाल काढला, कापडाखाली बटण धरलं, वरून कडी टाकली आणि कापडासकट बटण रुंद भागातून आत घालून चिंचोळ्या भागात ओढलं. रुमाल लटकला. जेवढा खाली ओढावा तेवढा घट्ट बसत होता.

"याने पायातला लांब मोजा धरून ठेवायचा," तो म्हणाला. "कमरेला पट्टा, पट्ट्याला ही कडी, कडीला मोजा. परदेशात बायका वापरत. आमचा मोजा निराळा, पायाच्या पेशंटचा. जाडजूड असतो, मांडीपर्यंत येतो. पण आपल्याकडे घाम. मोजा गळून खाली येतो. ही कडी पातळ मोज्याची आहे, जाड कापड तिच्यात मावत नाही. मला मावेल अशी करून द्या."

शेठ आणि तो बोलत बाहेर गेले. मी मोज्याचा खोका हातात घेतला. खोक्यावर एकाच पायाची चित्रं ओळीने छापली होती. पहिल्यात पोटरीवर निळ्या शिरा, दोरीला गाठी मारल्यासारख्या. पुढच्यात घोट्याभोवती काळपट डाग. त्याच्या पुढच्यात तो डाग फुटून झालेली जखम.

मधलं चित्र माझ्या बाबांच्या पायाचं होतं. म्हणजे पाय दुसऱ्याच कुणाचा, पण मी रोज सकाळी पाहायचे तो असाच होता. त्याच जागी तसाच डाग, करपल्यासारखा. लहानपणी मला वाटायचं, ते चालवत त्या लूममधलं, म्हणजे यंत्रमागातलं, काळं तेल त्यांच्या पायात मुरलंय. इतकी वर्षं तो डाग आमच्या घरात होता आणि त्याला काही नाव असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

बाबा लूमवर कामाला होते. आमचं मूळ गाव तालुक्यातच, आतल्या बाजूला. शेती भावकीत वाटली गेली तसे ते तरुणपणीच भिवंडीत आले आणि लूमसमोर उभे राहिले ते राहिलेच. धागा तुटतोय का बघायचं, तुटला की जोडायचा, धाग्याची कांडी संपली की बदलायची. बसायला जागाच नसते. पूर्वी लाइट जायची तेव्हा सगळे कारागीर पायरीवर येऊन बसत, विडी ओढत, आणि मालक वैतागत. त्या सुमाराला लाइट जाणं कमी होत चाललं होतं. सगळी भिवंडी खूश होती. आमचे बाबाही खूश होते. फक्त संध्याकाळी घरी आले की त्यांच्या पायात चप्पल रुतलेली असायची, पट्ट्यांचे वळ उमटलेले असायचे.

त्या दिवशी ते जेवायला बसले तेव्हा मी म्हटलं, "बाबा, पाय दाखव जरा."

"कशाला?"

"हा आजार आहे. त्याच्यावर मोजा मिळतो."

त्यांनी लुंगी खाली ओढली. "आजार बिजार काय न्हाय. उभा रहतो, शिरा फुगतात. आमच्या लूमच्या खात्यात जा, सगल्यांचे पाय बघ."

आई भाकरी टाकत होती. तिने मान वर केली नाही. "रातचा पाय झाडतो तो," एवढंच म्हणाली. "झोपंत. कोन धरतंय जसा काय."

गाळ्यात मी कामाला लागले. बटण लहान केलं तर जाड मोजा कडीत बसत होता, पण ओढला की निसटत होता. कडी रुंद केली तर पकड जायची. आमचे मिस्त्री, जौनपूरकडचे, प्रेसमध्ये बसवायचा साचा, म्हणजे डाय, बनवण्यात त्यांचा हात बसलेला. पण असा मोजा त्यांनीही कधी पाहिला नव्हता. "बेटी, पहनके देखना पडेगा," ते म्हणाले आणि संकोचून प्रेसकडे वळले.

म्हणून तो मोजा मीच घातला. सलवारीच्या आत, कमरेला कापडी पट्टा बांधून, पुढे एक आणि मागे एक कडी लावून कामावर गेले. दुपारपर्यंत ठीक होतं. जेवणानंतर खालच्या बाजूला काहीतरी आवळल्यासारखं झालं. दोन्ही कड्या सुटल्या होत्या. मोजा गुंडाळत गुंडाळत गुडघ्याखाली आला होता आणि तिथं त्याचा पीळ बसला होता. संडासात जाऊन मी तो काढला तेव्हा पोटरीभोवती खोल खाच होती आणि खालचा पाय जांभळट, गार. माझ्या धडधाकट पायाचं हे झालं होतं. बाबांना हा मोजा असा गुंडाळला गेला तर काय होईल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

पुढच्या शुक्रवारी, आठवड्याच्या सुट्टीला, लूम बंद होते. मी बाबांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना स्टुलावर उभं केलं आणि खाली वाकून पाय पाहिले. घोट्याच्या आतल्या बाजूला एक शीर टपोऱ्या जांभळासारखी वर आली होती. तिच्यावरची कातडी कागदासारखी पातळ. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं नाही, नुसतं जवळ नेलं.

"ऑपरेशन करावं लागेल," ते म्हणाले.

"न्हाय," बाबा म्हणाले.

"मग मोजा तरी घाला. पण नीट बसणारा. गुंडाळला गेला तर फासासारखा आवळेल." मग ते माझ्याकडे वळले. "ही शीर कधी फुटली तर यांना दुखणार नाही. कळणारही नाही. यांना आडवं करायचं, पाय वर धरायचा, दाबून ठेवायचं आणि इथं आणायचं. घरात सगळ्यांना सांगून ठेवा."

रिक्षात बाबा मला म्हणाले, "डाक्टर लोकांना घाबरवाचाच पगार भेटतो." आणि हसले. मी हसले नाही.

तेव्हापासून कडीचं ड्रॉइंग काढताना माझ्यासमोर व्यापारी नसायचा, तो पाय असायचा. पत्रा कापला की काठावर बारीक धार उरते, आम्ही तिला बर म्हणतो. बक्कलाला ती असली तर कापड ओरखडतं, एवढंच. इथं कापडाखाली मांडी होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की या पायाला साधा ओरखडाही लवकर भरून येणार नाही. मी कडीचे सगळे काठ आत दुमडले. जिभेची पाठ सपाट होती ती मांडीच्या गोलाईसारखी वळवली. निकेलचं पाणी घामाने सुटतं म्हणून स्टीलचा पत्रा घेतला. बटणावर रबराची टोपी बसवली, म्हणजे जाड कापड तिच्यात दबेल आणि निसटणार नाही. मिस्त्रींनी डाय पुन्हा पुन्हा घासून दिली. दर वेळी मी ती कडी गालावरून फिरवून बघायचे. गालाला लागली तर पायालाही लागणार.

बाबांनी मोजा घालायला बरीच कुरकुर केली. "बायकांचा सोंग मना घालतेस," म्हणाले. पण आईने एके दिवशी सकाळी त्यांच्यापुढे बसून तो त्यांच्या पायात चढवला. पट्टा बांधला. कड्या लावल्या. वरून लुंगी. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मोजा जागेवर होता. पायाची सूज कमी होती. त्यांनी कबूल केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पाय स्वतःच पुढे केला.

आठवडे गेले. व्यापाऱ्याला नमुने पसंत पडले. सगळं सुरळीत चाललं होतं आणि मला मात्र स्वस्थ वाटत नव्हतं. मोज्यामुळे ती शीर आता दिसायची नाही. दिसायची तेव्हा निदान मी तिच्यावर लक्ष ठेवू शकत होते.

तो शुक्रवार होता. बाबांनी मोजा काढून दांडीवर वाळत टाकला होता. सुट्टीच्या दिवशी त्यांना कढत पाण्याने सावकाश अंघोळ करायला आवडायचं. ते मोरीत होते, दार लोटलेलं. आई शेजारी गेली होती. मी उंबऱ्यावर बसून कांदे चिरत होते. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि बाबा स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते.

समोरच्या गटारात लाल पाणी वाहत होतं. आमच्याकडे त्याचं नवल नव्हतं. मागे कापड रंगवायची डाइंग होती, तिचं पाणी कधी निळं, कधी हिरवं, कधी लाल येई. त्यावरून आम्ही सांगायचो, आज कुठल्या रंगाचं कापड निघतंय. मी चिरता चिरता बघत राहिले. मग लक्षात आलं की शुक्रवारी डाइंगही बंद असते. आणि पाणी मागून येत नव्हतं. ते आमच्याच मोरीच्या नळीतून पडत होतं.

मी दार ढकललं. बाबा पाटावर बसले होते, डोक्यावर तांब्या ओतत. घोट्यातून सुतळीएवढी एक धार निघून समोरच्या भिंतीवर पडत होती. भिंत खालपर्यंत लाल झाली होती. ते डोळे मिटून होते, तोंडावर साबण.

"काय झाला, बाय?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. तो अजून कधीतरी माझ्या कानात घुमतो.

"बाबा, आडवा हो. आत्ताच्या आत्ता."

मी त्यांना ओल्या फरशीवर निजवलं, पाय बादलीवर ठेवला, अंगावरची ओढणी घडी करून घोट्यावर दाबली. धार थांबली. मी ओरडले तशी आई आली, शेजारचे आले. बाबा वर पत्र्याकडे पाहत होते. "दुखत न्हाय गो," ते सारखं सांगत होते, जणू माझीच समजूत घालत होते. बोलता बोलता त्यांचे ओठ पांढरे पडत गेले. रिक्षात मी खाली पाय ठेवायच्या जागेत बसले होते, त्यांचा पाय माझ्या खांद्यावर. खड्डा आला की माझा हात सरकेल अशी भीती वाटायची. हॉस्पिटलपर्यंत मी हात हलवला नाही. तिथं नर्सने माझी बोटं एकेक करून सोडवली.

रक्त चढवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर ते पाटावर बसल्या बसल्याच गेले असते. जरा सावरल्यावर बाबांनी ऑपरेशनला हो म्हटलं. ती शीर काढून टाकली. जखम भरायला फार दिवस लागले, पण भरली.

व्यापारी त्यानंतर एकदाच आला. बाजारात नवे मोजे आले होते, वरच्या काठाला आतून रबराची पट्टी असलेले. ते आपोआप मांडीला चिकटून राहत. कडीची गरज उरली नाही. शेठनी डाय पुसून, तेल लावून फळीवर ठेवली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी तेव्हा वेगळ्याच गोष्टीने बेजार होते.

कामावर जाताना नाक्यावर चहाची टपरी लागायची. शिफ्ट सुटली की कारागीर तिथं उभे असत, लुंग्या गुडघ्यापर्यंत दुमडून. आधी मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. आता मान खाली घालून चालताना मला पायच दिसत. गाठी मारलेल्या दोऱ्या. करपलेले घोटे. एकाच्या घोट्याला फडकं बांधलेलं, त्यावर माश्या. हसत होते, चहा पीत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. एकदा न राहवून मी त्या फडकेवाल्याला म्हटलं, "भैया, डॉक्टर को दिखाओ, ये फट सकता है." त्याने आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. "छुट्टी में गाँव जाऊँगा तो दिखाऊँगा," तो म्हणाला. पावसाळ्यानंतर तो मला तिथं दिसला नाही. गावी गेला असेल. मी कुणाला विचारलं नाही.

बाबा पुन्हा लूमवर जायला लागले. आई रडली, मी भांडले. "दुसरा काय येतंय मना?" ते म्हणाले आणि डबा उचलून निघाले. मोजा ते न चुकता घालत. एक केलं मात्र त्यांनी. खात्यातल्या ज्याला त्याला लुंगी वर करून ऑपरेशनची खूण दाखवायचे आणि मोरीतली हकिगत सांगायचे. त्यातले दोघं-तिघं डॉक्टरांकडे गेलेही.

मग एका संध्याकाळी ते दारात बसून पाय धूत होते. मी पाणी ओतत होते. दिवा त्यांच्या मागे होता, तरी मला दिसलं. ज्या पायाचं ऑपरेशन झालं नव्हतं त्याच्या घोट्यावर, आतल्या बाजूला, कातडी चकाकत होती. तिच्याखाली काहीतरी निळसर वर येत होतं.

"किती दिवस झाले याला?" मी विचारलं.

त्यांनी पाय पुसला. "बघ, म्हनूनच तुला पानी ओतायला सांगतलं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुज्या आयला नको दाखवू इतक्यात."