ज्याची तूर त्याची डाळ

३ मार्च २०२५, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. पालमच्या बाजारपेठेत आमच्या दुकानापुढे एक ऑटो थांबला आणि त्यातून दोन स्त्रियांनी डाळीचे पोते खाली ओढले. एक साठीच्या पुढची, दुसरी तिची सून. आठ दिवसांपूर्वी सून एकटीच आली होती. एक क्विंटल तूर माझ्याकडे देऊन, सत्तर किलो तयार डाळ घेऊन परतली होती. ती डाळ आता माझ्या काट्यावर परत आली होती.

"ही डाळ आमची न्हाई, बाई," सासू म्हणाली.

"मावशी, तुमच्याच तुरीच्या मोबदल्यात दिली आहे. ठरल्याप्रमाणे."

"मोबदला कुनी मागितला? तूर दिली ती डाळ करून द्या म्हनून. बदलून द्या म्हनून न्हाई. तासाभरात ही घरी आली. तासाभरात तूर वाळली कवा, भरडली कवा?"

"मला वाटलं, मशीन लय फास्ट हाय," सून पुटपुटली.

"हिला सगळंच फास्ट वाटतंय," सासू म्हणाली आणि पोत्यावर बसली.

मशीन माझे होते आणि ते नव्या वर्षाच्या सुरुवातीला बसवलेले होते. परभणीच्या विद्यापीठात अन्नप्रक्रियेचे शिक्षण घेतल्यावर मी दोन वर्षे पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत धान्याचे नमुने तपासले. त्या काळात एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. आमच्या तालुक्यात तूर पिकते, टेम्पोत बसून दुसऱ्या जिल्ह्यात जाते आणि पाकिटात बसून आमच्याच किराणा दुकानात परत येते. या फेरीत जी किंमत वाढते, ती वाढवणारे हात पालमचे नसतात. ते असावेत आणि पुढे तालुक्याच्या नावाचे पाकीट शहरात जावे, एवढाच माझा आराखडा होता.

वडिलांचे बी-बियाणे आणि खताचे दुकान आहे. त्यामागचे गोदाम जानेवारीपासून रिकामे असते आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास खरिपाच्या खताने भरते. ते त्यांनी मला तेवढ्या मुदतीपुरते दिले. "जमतंय का न्हाई, कशावरून ठरवायचं?" त्यांनी विचारले होते. मी म्हणाले, दिवसाला दहा क्विंटल तूर मशीनमधून गेली तर जमले. न गेली तर मशीन विकायचे आणि मी पुण्याला परतायचे. गंगाखेडचा एक व्यापारी मशीन घ्यायला तयार होता. प्रयोगशाळेतली माझी जागाही मे महिन्यापर्यंत राखलेली होती. त्यामुळे हे ठरवणे सोपे होते आणि निभावणे कठीण.

तुरीची डाळ एका दिवसात होत नाही. दाण्याला ओरखडे पाडायचे, तेलाचा हात लावायचा, ढीग करून मुरू द्यायचा, मग दोन-तीन दिवस उन्हात वाळवून भरडायचा. प्रत्येक घराची तूर वेगळी ठेवली तर जागा आणि वेळ दोन्ही वाया जातात. म्हणून मी सर्वांची तूर एका ढिगात घेत असे आणि आधीच तयार असलेली डाळ ताबडतोब देत असे. वाण बहुतेकांचा एकच, ओलावा मी मोजून घेत असे, खराब माल परत करत असे. शास्त्रीयदृष्ट्या या पद्धतीत कोणतीही चूक नव्हती.

ते मला त्या दोघींना पटवून द्यायचे होते. मशीन बसवताना तुलनेसाठी घराघरांतून घेतलेले डाळीचे नमुने माझ्याकडे होते; मी पाच वाट्यांत पाच घरांची डाळ ठेवली. एक वाटी त्यांच्या शेजाऱ्याची, एक त्यांनीच सोबत आणलेली गेल्या वर्षीची. "तुमची कोणती ते ओळखा," मी म्हणाले. सासूने प्रत्येक वाटीतले दाणे चिमटीत फिरवले, वास घेतला, एक दाणा दाताखाली धरला आणि चौथ्या वाटीवर बोट ठेवले. चौथी वाटी दुसऱ्याच गावची होती.

सून तोंडाला पदर लावून हसू लागली.

"चुकले आसंन," सासू शांतपणे म्हणाली. "मंग काय झालं? जत्रेत नातू वळखू आला न्हाई, तर दुसऱ्याचं लेकरू उचलून घरी न्यायचं का?"

एवढ्या आग्रहाचे कारण विचारल्यावर तिने जे सांगितले ते थोडक्यात असे. तिची लेक पाथरीकडे दिलेली आहे. दरवर्षी तिच्याकडे वर्षाची डाळ जाते. लेकीची सासू दरवर्षी विचारते, माहेरच्या रानातली ना? "व्हय म्हनताना माझी जीभ अडकाय नगं," ती म्हणाली. "रानातली न्हाई तर दुकानातून घेऊन दिली आसती की. ती सस्तीच पडंल."

म्हणजे मी रंग, चव आणि शिजण्याचा वेळ मोजत होते आणि गिऱ्हाईक चौथाच गुणधर्म विकत घेत होते. तो दाण्यात नसतो. दाणा कुठून आला या खात्रीत असतो. पुण्यात मी दिवसभर नमुन्यांवर क्रमांक चिकटवत असे, एक नमुना दुसऱ्यात मिसळू नये म्हणून. पालमला तीच शिस्त लागेल असे मला वाटले नव्हते.

त्यांची तूर ढिगात गेली होती, ती परत काढणे शक्य नव्हते. त्यांच्या घरी आणखी दोन पोती होती. ती करून देण्याची मी तयारी दाखवली. सासूची अट एकच होती: भरडताना ती समोर बसणार. आणलेली डाळ मी ठेवून घेतली आणि ढिगात गेलेल्या तुरीचे पैसे चुकते केले.

त्या आठवड्यात पद्धत बदलली. प्रत्येक घराची तूर वेगळी आणि वाळवण गच्चीवर, ज्याच्या त्याच्या घरून आणलेल्या जुन्या साडीवर. साडीचा रंग हीच खूण. भरडायच्या दिवशी घरचे कोणीतरी हजर. ही बातमी पसरायला जाहिरात लागली नाही. ताडकळसच्या आठवडी बाजारात कोणीतरी बोलले असावे, कारण पुढच्या सोमवारी तिकडूनही मोटारसायकलवर पोती आली. गच्चीवर तूर फिरवण्यासाठी मी गल्लीतल्या तिघी कामाला ठेवल्या. त्या वाळवणाला तुरीच्या मालकाच्या नावाने नव्हे, साडीच्या रंगाने हाक मारत. "जांभळी पालथी घाला, मोरपंखी अजून ओली हाय."

गिऱ्हाईक वाढले आणि दिवसाच्या क्विंटलांचा आकडा घसरला. एका घराचे पोते भरडून झाले की काही डाळ मशीनमध्येच राहते: रोलरखाली, चाळणीच्या भोकांत, धान्य वर नेणाऱ्या पट्ट्याच्या तळाशी. मी ती काढून मोजली, तर दीड किलोच्या आसपास भरली. म्हणजे दुसऱ्या घराच्या डाळीत पहिल्याची दीड किलो. हे मान्य करणे म्हणजे पुन्हा ढिगाकडेच जाणे. म्हणून प्रत्येक पोत्यानंतर आम्ही मशीन उघडून, ब्रशने झाडून, हवा मारून साफ करू लागलो. भरडायला जेवढा वेळ लागे, जवळजवळ तेवढाच सफाईला. दिवसाला पाच क्विंटलच्या वर काम जाईना.

"दवाखान्यात बी इतकं पुसत न्हाईत," वडील दुकानातल्या खुर्चीवरून म्हणाले. ते गोदामात येत नसत. माझे काम माझे, असा त्यांचा नियम होता आणि तो बरोबरही होता.

पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परतली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांची तूर काढून घरात भरून ठेवली होती. वस्त्यांवरून एकेका टेम्पोत आठ-दहा घरांची पोती येऊ लागली. रांग दुकानाच्या पुढे, चहाच्या गाड्यापर्यंत गेली. मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात मी फक्त भागाकार करत होते. मुदतीला महिना उरला होता.

त्या रांगेत एके दिवशी भांडण लागले. नुकतीच तोडीवरून आलेली एक तरुण बाई पुढे येऊन मला म्हणाली, "ह्यांच्या मागं आमचं पोतं लावू नका."

"मशीन साफ करूनच घेणार आहे, ताई."

"पुसा न्हाई तर धुवा. दोन वर्सं झाली, आमचा बांध कोरायलेत. आता डाळीत बी शिरायचं का?"

पुढे उभा असलेला गृहस्थ मागे न बघता म्हणाला, "शिरायला तुझ्या डाळीला सोनं लागून गेलंय."

"सोनं नसंल, पर आमचं हाय."

तेवढ्यात तिच्या मागची बाई म्हणाली, "ओ बाई, मला माझ्या जावेच्या मागं घ्या. तिची मूठभर आली तर चालंल. पुसत बसू नका, आमचा टेम्पो जायलाय."

"चालेल? का चालेल?" मी विचारले.

तिने माझ्याकडे शाळेतल्या मुलीकडे पाहावे तसे पाहिले. "रान एकच होतं की. वाटण्या आमच्या झाल्या, तुरीच्या थोड्याच झाल्या?"

मी त्या क्षणी मशीन बंद केले आणि विचार करू लागले. प्रत्येक दोन पोत्यांमधली सफाई सारखीच असली पाहिजे, हे माझे गृहीतक होते. कोणी मागितलेले नव्हते. कापड रंगवणारे फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जातात, म्हणजे भांडे वारंवार धुवावे लागत नाही. इथे रंगाच्या जागी भावकी होती. भावाभावांची, जावाजावांची पोती लागोपाठ लावली तर मध्ये ब्रशचा नुसता एक हात पुरे. पूर्ण सफाई फक्त भावकी बदलताना. प्रश्न यंत्राचा राहिला नव्हता, क्रमाचा झाला होता.

पण क्रम लावायला जी माहिती लागते ती माझ्याजवळ नव्हती. आडनाव उपयोगाचे नाही. अर्ध्या गावाचे आडनाव एक असते. कोण कोणाचा चुलत, कोणाचे कोणाशी फाटले, कोणी बोलत नाही पण डाळ चालेल, हे कोणत्याही सरकारी कागदावर मिळत नाही. संध्याकाळी मी वडिलांना विचारले. तीस वर्षे ते त्या गल्ल्यावर बसलेले आहेत. कोण कोणाच्या सोबतीने बियाणे घ्यायला येते आणि कोण कोणाला पाहून परत फिरते, हे त्यांनी रोज पाहिलेले आहे.

ते पहिल्यांदा गोदामात आले. पोत्यांवरून नजर फिरवली.

"हे दोघं चुलत हायत. पर मागल्या साली विहिरीवरून वाजलंय. मधी कुनाला तरी घाल."

"कोणाला?"

"मास्तराला घाल. त्याचं कुनाशी वाकडं न्हाई. रान बटईनं दिलंय, भांडायची वेळच येत न्हाई त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच पोती पुढेमागे सरकवत होते, आणि हमालाला रागावत होते की निळ्या सुतळीचे पोते लाल सुतळीच्या शेजारी ठेवायचे नाही म्हणजे नाही. आठवड्याभरात आकडा सातवर गेला, नंतर आठवर. काही घरांनी सरळ सांगितले की त्यांना कोणाचीही डाळ चालते. त्यांना आम्ही भांडणाऱ्यांच्या मधे घालत असू. वेल्डरने पट्ट्याच्या तळाला उघडझाप करणारे झाकण बसवून दिले, त्यामुळे सफाईचा वेळही कमी झाला. तालुक्याचे नाव छापलेले पाकीट शहरात विकायचे, हा माझ्या आराखड्यातला दुसरा भाग मात्र कागदावरच राहिला. आपली डाळ आपल्याच घरी नेणाऱ्यांकडून पाकिटात घालायला डाळ उरत नाही.

२९ एप्रिलला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, मी पहाटेच मशीन सुरू केले. क्रम आदल्या संध्याकाळीच लावलेला होता. दुपारपर्यंत सर्व काही हिशेबाप्रमाणे चालले. मग वीज गेली आणि तास-सव्वा तास आली नाही. रांगेतली माणसे दुकानाच्या ओट्यावर बसून राहिली; कोणी गेले नाही. वीज आल्यावर आम्ही दिवस मावळेपर्यंत भरडत होतो. शेवटचे पोते उतरले तेव्हा मी बेरीज केली.

"दहा झाले नाहीत," मी वडिलांना सांगितले.

"आकडा तूच घातला होतास, माय. मी न्हाई."

"पण ठरलं होतं."

"खताची गाडी उद्या मोंढ्याजवळच्या गाळ्यात उतरंल. सकाळीच भाडं ठरवून आलोय."

"सकाळी? तेव्हा तर काहीच कळलं नव्हतं."

"तुला न्हाई कळलं," ते गल्ला बंद करत म्हणाले. "दुकानात मानूस आजवर पिशवी घेऊन निघून जायचा. आता दोन-दोन तास ओट्यावर बसायलेत, सोयाबीनच्या बियाण्याची चौकशी करायलेत. लाइट गेली तरी उठले न्हाईत. ते गंगाखेडवाल्याला फोन करून न्हाई म्हनून सांग, आन् मग तुझं लिहीत बस."

मी फोन केला. त्यानंतर मी दिवसाची नोंद केली: तूर, ९ क्विंटल ४० किलो.