न लावलेला दावा

“जबाबदार कोण, ते आधी सांग,” असं म्हणत ती चष्मा कपाळावर सरकवायची. इथल्या डच शहरात, स्लोटरडाइक भागातल्या आमच्या ऑफिसात ती सॉफ्टवेअर तपासायची, मी शेजारच्या टेबलाशी. ट्रेन रद्द होवो, डब्यातलं वरण खारट होवो, प्रश्न हाच. तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल. आपण हसतो, आणि मनातून जरा टरकूनही असतो.

मग तिचा नवरा घर सोडून गेला. फार लांब नाही, त्यांच्याच बुइटनव्हेल्डर्ट वस्तीत, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एका मराठी मुलीकडे. एकटी राहते म्हणून हीच त्या मुलीला सणासुदीला जेवायला बोलवायची.

वकिलाकडे जाताना तिनं मला सोबत घेतलं. “घटस्फोट होईल तेव्हा होईल. मला त्या मुलीवर दावा लावायचाय. माझा संसार मोडला तिनं.”

वकीलबाई वयस्कर डच. शांतपणे म्हणाल्या, “इथे तसा दावा लावता येत नाही. घटस्फोटातही चूक कुणाची, हे कोर्ट विचारत नाही.”

ट्राममध्ये तिनं चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाली, “अगं, विचारतसुद्धा नाहीत?” इतके दिवस न रडलेली ती, तिथे रडली.

पण हटली नाही. लग्न पुण्यात झालेलं, म्हणून तिथल्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, “प्रयत्न करून बघू. पण साक्षीदार लागेल.”

साक्षीदार एकच होती, तिची शाळकरी लेक. बाबाला त्या मुलीबरोबर तिनंच आधी पाहिलं होतं, आणि एकटीनं पोटात ठेवलं होतं. मराठी समजायचं तिला, पण उत्तरं इंग्रजीत द्यायची. आईनं विषय काढला तेव्हा मात्र म्हणाली, “आई, मला नको ना विचारू.”

“मराठीत म्हणाली गं,” दुसऱ्या दिवशी ती मला सांगत होती. “सोडला मी दावा.”

त्यानंतर एकदा आम्ही दोघी सुपरमार्केटमधून बाहेर पडलो, तर समोर तीच मुलगी. वाऱ्यानं तिची सायकल आडवी झाली आणि पिशवीतली संत्री रस्ताभर पसरली. आम्हाला पाहून ती जागच्या जागी थिजली. ही खाली वाकली, संत्री गोळा केली, पिशवी तिच्या हातात दिली.

“तू मला ताई म्हणायचीस,” एवढंच बोलली.

हिनं सायकलही उभी करून दिली आणि चालू लागली.

वर्षभरानं माझ्या या मैत्रिणीला दुसऱ्या शहरात, आइंडहोव्हनला नोकरी मिळाली. सामानाची व्हॅन तिनं स्वतःच चालवायला घेतली. मी फुटपाथवर उभी होते. शेजारी बसलेली लेक फोनवर रस्ता बघत होती.

“डावीकडे की उजवीकडे?” तिनं विचारलं.

“सरळ, आई,” लेक म्हणाली.