चार नळ्या, सील शाबूत

तीसेक वर्षं झाली असतील, पण मलकपेठच्या आईस्क्रीमच्या दुकानात केलेला तो पंचनामा माझ्या मनातून जात नाही.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. हैदराबादेत औषधांच्या नव्या कंपन्या, प्रयोगशाळा निघत होत्या. मी सब-इन्स्पेक्टर. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मीच. माझा कागद कोर्टात कधी पडला नाही, याचा मला अभिमान होता.

एका सोमवारी सकाळी प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी चोरीची फिर्याद दिली. फ्रीजरमधून करंगळीएवढ्या चार नळ्या गेल्या होत्या. आत म्हणे माणसाच्या शरीरातलंच एक एन्झाइम, पण जंतूंकडून बनवून घेतलेलं, फक्त संशोधनासाठी. परदेशातून यायला आठ महिने लागलेले. संशय अटेंडंटवर. तो मूळचा नांदेडकडचा, अंबरपेठेत राहणारा. सात वर्षं तो फ्रीजर त्याच्याच ताब्यात.

ठाण्यात आणल्यावर तो तोंड उघडेना. मी हात उचलला नाही. गप्प माणसाला चहा द्यावा आणि आपणही गप्प बसावं, ही माझी पद्धत. शेवटी समोरचाच बोलतो. दुपारी खबऱ्या आला. शनिवारी हाच माणूस थर्माकोलचा डबा छातीशी धरून मलकपेठच्या एका आईस्क्रीमवाल्याकडे शिरला होता.

हे सांगताच तो बोलू लागला. शनिवारी वीज गेली, जनरेटर सुरू होईना, प्रमुख बाहेरगावी. फ्रीजरमधला बर्फ सुटायला लागला. गेटपासशिवाय माल बाहेर नेला तर नोकरी जाते, हे ठाऊक असून त्याने नळ्या बर्फात घालून नेल्या. सोमवारी गुपचूप परत ठेवणार होता. प्रमुख त्याच्या आधी पोचले.

आम्ही त्याला घेऊन दुकानात गेलो. आईस्क्रीमवाला वैतागलेलाच होता. "हौ साब, दो दिन से डीप फ्रीजर खोलने नै देरा. मैं आइस्क्रीम कैसा बेचूं?"

मी दोन पंच बोलावले. नळ्या मोजल्या, डबीत घातल्या, डबी कापडात शिवली, लाख वितळवून सील मारलं. अटेंडंट शेजारी उभा होता.

"साहेब, बर्फ?"

"बर्फ मुद्देमालात येत नाही."

"मरतंय ते, साहेब. आत्ताच तपासाया द्या. चांगलं निघालं तर माझी नोकरी ऱ्हाईल."

मी म्हणालो, कोर्टाचा हुकूम आल्यावर बघू.

मे महिना होता. आमच्या मालखान्याला पत्र्याचं छप्पर. तिथे जप्त सायकली, सुरे यांच्या सोबतीला ती डबी लोखंडी कपाटात अकरा दिवस पडून राहिली. दरम्यान मी वीज कार्यालयातली नोंदवही तपासली. त्या शनिवारी त्या भागात सात तास वीज नव्हती. माणूस खरं बोलत होता. चोरी झालीच नाही असा अहवाल मी पाठवला आणि तो सुटला.

हुकुमाने नळ्या परत गेल्या. तपासणीत एन्झाइम निकामी निघालं. आईस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये ठेवून माल नासवला, म्हणून कंपनीने त्याला काढून टाकलं.

तो माझ्याकडे आला. 'मालखान्यात बर्फ नव्हता' एवढंच लिहून मागत होता. मी म्हटलं, बघतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, पुन्हा तेच सांगितलं. लिहिलं असतं तर ठाण्यावर आलं असतं, माझ्यावर आलं असतं. मुद्देमाल परत केल्याच्या पावतीवर माझ्याच अक्षरात होतं : चार नळ्या, सील शाबूत. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्यानंतर कुठलीही वस्तू जप्त करताना मी मालकाला विचारत आलो, हिला काय लागतं? एकदा एका पोपटासाठी पेरू आणवले, तेव्हा हवालदार हसले होते. ही सवय त्या केसने लावली. त्याच्या मात्र ती काही कामी आली नाही.

तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने काहीच मागितलं नाही. बाकावर बसून राहिला. मी चहा मागवला आणि सवयीप्रमाणे गप्प बसलो. त्याने चहा संपवला, कप खिडकीत ठेवला आणि निघून गेला. त्या दिवशी बोलायला हवं होतं ते मी.