विहिरीवरचा लेख

मुलुंडमध्ये रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि कुंडलिक शिरसाटांचं घरात लक्ष लागेना. बसमधली कंडक्टरकी संपवून घरी बसलेला हा माणूस रस्त्याकडेच्या जुन्या विहिरीपाशी सारख्या चकरा मारू लागला.

विहिरीच्या कठड्यात एक दगड बसवलेला होता. वारलेल्या मुलीच्या स्मरणार्थ एका व्यापाऱ्यानं ही विहीर सर्व जातींच्या वाटसरूंसाठी बांधली, असं त्यावर कोरलेलं होतं. कुंडलिकांची आई लग्न होऊन गावाकडून आली, तेव्हा पहिल्या दिवशी हंडा घेऊन लांबच उभी राहिली होती. वडिलांनी तो लेख वाचून दाखवला, तेव्हा कुठे तिनं आपल्या हातानं पोहरा विहिरीत सोडला. मरेपर्यंत ती हे सांगत राहिली.

एका सकाळी कठडा फोडलेला दिसला. दगड गायब.

"इथला लेख कुठाय?" त्यांनी मुकादमाला विचारलं.

"सगळा मलबा ट्रकमध्ये भरला, काका. निघतोच आहे."

कुंडलिक तडक ट्रकवर चढले आणि हातांनी विटा उपसू लागले. सून सपना धावत आली.

"बाबा, उतरा ना! पडाल!"

"मिळाल्याशिवाय उतरत नाही."

दगड मिळाला, पण मधोमध तडकलेला. मुकादम ओशाळला. त्यानं तो फुटपाथलगतच्या भिंतीत बसवून दिला. सिमेंट वाळेपर्यंत कुंडलिक तिथून हलले नाहीत.

विहीर मात्र स्लॅबखाली गेली. अजूनही बाहेर जेसीबीची घरघर ऐकू आली, की कुंडलिक भरल्या ताटावरून उठतात.