रामनवमीचा कूलर

साऱ्या नागपुरात आमच्या काकांइतका निश्चयी माणूस दुसरा नसेल, आणि त्यांचे निम्मे निश्चय माझ्याविरुद्ध असतात, हा मी माझा मोठा सन्मान समजते. मी मांजर आहे. वयानं मध्यम, अंगानं भरलेली, आणि माणसांच्या घरात आठ उन्हाळे काढल्यामुळे अनुभवानं पिकलेली. "मांजर आमची नाही. येते कधी कधी," असं काका आल्यागेल्याला ठणकावून सांगतात, तेव्हा मी बहुधा त्यांच्या मांडीवर असते. सकाळचा चहा ते बशीत ओतून पितात आणि शेवटचा घोट ठेवून बशी खाली जमिनीवर ठेवतात. ती काकूंनी उचलायची असते, पण काकू विसरतात. रोज विसरतात. या घरात विसरणंसुद्धा वेळेवर चालतं.

काकांचं सगळं तिथीवर चालतं. स्वेटर उतरायचा तो महाशिवरात्रीला, मग शेजारीपाजारी घामानं निथळत का असेनात. आंबा तोंडाला लावायचा तो अक्षय तृतीयेला पितरांना दाखवूनच. रामदासपेठेतल्या कचेरीत ते सायकलनं जातात, डोक्याला ओला पंचा आणि सदऱ्याच्या खिशात कांदा. उन्हाला कांदा दाखवला की ऊन बाधत नाही, अशी इथल्या माणसांची श्रद्धा आहे. उन्हाचं मला ठाऊक नाही. त्या कांद्याला भिऊन मी मात्र संध्याकाळी त्यांच्या खिशापासून चार हात दूर बसते. आणि या सगळ्या तिथींचा मुकुटमणी म्हणजे कूलर. तो रामनवमीला दुपारी बारा वाजता, रामजन्म झाला की सुंठवडा वाटून सुरू व्हायचा. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही. आमच्या क्वार्टरांच्या ओळीत हा एकच कूलर असल्यामुळे त्या दिवशी अर्धी ओळ मागच्या व्हरांड्यात जमते.

हिवाळाभर हा कूलर त्याच व्हरांड्यात पोत्यांखाली झाकलेला असतो. कपाटाएवढी पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या, इथल्या बोलीत खसच्या, ताट्या, आत मऊ अंधार. यापेक्षा चांगलं बाळंतघर कुठल्या मांजरीला मिळालं असेल तर तिनं पुढं यावं. मागल्या गल्लीत एका फाटक्या कानाचा पिवळा बोका राहतो, आणि बोके दुसऱ्यांच्या पिल्लांचं जे करतात ते मी इथं सांगणार नाही. म्हणून त्या वर्षी मी कूलरात शिरले आणि तीन पिल्लांना जन्म दिला. त्यानंतर सहाव्या दिवशी रामनवमी आली.

काका बादली घेऊन आले. मागं ओळ उभी, प्रत्येकाच्या तळहातावर सुंठवडा. पोतं निघालं, मागची ताटी निघाली, आणि आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

"काहून वं," काका म्हणाले, "इथं काय करून राहिली?"

उत्तर माझ्या पोटाशी चुळबुळत होतं. काकांनी पिल्लांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग सुंठवड्याचा हात कपाळाला लावला.

"बरोबर बारा वाजता," ते लोकांकडे वळून म्हणाले. "रामजन्माच्या ठोक्याले झाले."

सहा दिवसांची, दूध पिऊन टुमटुमीत झालेली पिल्लं. काकूंना सगळं माहीत होतं. पाच दिवस त्याच मला तिथं दूध आणून देत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. बायकांच्या काही गोष्टी असतात.

शेजारचे मास्तर व्यवहारी. "काका, द्या इकडे. पोत्यात घालून नाल्यापल्याड सोडून येतो. दहा मिन्टाचं काम."

माझी नखं आपोआप बाहेर आली. पण त्यांची गरज पडली नाही. काकांनी ताटी जागच्या जागी बसवली आणि तिच्यापुढं उभे राहिले. "रामाच्या दिवशी झालेले लेकरं पोत्यात घालता का गा, मास्तर? बाळंतीण आहे ते. सव्वा महिना इले कोणी उठवायचं नाही."

"अन कूलर?"

"सव्वा महिना नाही."

इथं वाचकांनी पंचांग पाहावं. रामनवमी अधिक सव्वा महिना म्हणजे नागपुरात काय होतं, ते इथल्या डांबरी रस्त्यांना विचारावं.

रामनवमीनंतर चौथ्या दिवशी पिल्लांनी डोळे उघडले. आमच्यात ते दहाव्या दिवशी उघडतात आणि तो दहावाच होता. पण काका घरोघर सांगून आले की रामाचा अंश असल्याशिवाय असं होत नाही. ऊन चढत गेलं. रविवारच्या दुपारी काका फरशीवर पाणी शिंपडून ओला पंचा पांघरून पडू लागले. काकू पंख्यानं वारा घालत म्हणायच्या, "तुम्ही जमिनीवर लोळून राहिले, अन ते मांजर खसमधी."

"बाळंतीण आहे ना ते."

"आपली नाही म्हणता ना?"

"आपली नाहीच. शब्द आपला आहे."

एका भर दुपारी तो बोका व्हरांड्यात आला. काका पंच्यावर, अनवाणी, हातात बादली घेऊन तापल्या रस्त्यावर त्याच्यामागं कोपऱ्यापर्यंत धावले. तळपायाला फोड आले. काकूंनी लोणी लावलं. त्यातलं थोडं मी चाटलं. "माह्या कूलरची राखण करत होतो मी," ते म्हणाले. कोणी काही विचारलं नव्हतं.

आणि मग काकांच्या मोजणीनं चोविसाव्या दिवशी कांद्यानं दगा दिला. काका कचेरीतून आले ते भिंत धरत. चेहरा लाल, अंग तव्यासारखं. काकूंनी पन्हं पुढं केलं तर पेला हातात धरवेना. "आता तरी लावू द्या तो कूलर," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"सव्वा महिना झाला नाही," काका डोळे मिटून म्हणाले.

मांजर स्वार्थी असते असं माणसं म्हणतात. खरं आहे. मी विचार केला: हा माणूस गेला तर बशी खाली कोण ठेवील? विचार पक्का झाला आणि मी उठले. पहिलं पिल्लू मानेला धरून व्हरांडा ओलांडला, मधली खोली ओलांडली, आणि काकांच्या पायाशी बाजेवर ठेवलं. मग दुसरं. तिसरं थेट त्यांच्या पोटावर.

"मांजर पिल्लाईले सात घरं फिरवते म्हणतात," काकू म्हणाल्या. "हे तर घरातल्या घरातच आली."

काकांनी एक डोळा उघडला. "तिचं ते उठली. मी उठवली नाही."

"नाही उठवली," काकू म्हणाल्या. बादली केव्हाच त्यांच्या हातात होती. मास्तरांनी धावत येऊन कूलर खिडकीला लावला. ओल्या वाळ्याचा पहिला झोत आला तेव्हा काकांचा हात माझ्या पाठीवर होता, आणि झोप लागल्यावरही तो तिथंच राहिला.

पिल्लं मोठी झाली आणि गेली. एक मास्तरांनीच मागून नेलं, ते त्यांच्या उशीवर झोपतं. मला पुन्हा पिल्लं झाली नाहीत; वय झालं. पण पुढच्या रामनवमीला मी भिंतीवर बसून पाहत होते. पोतं काढण्याआधी काकांनी वाकड्या बोटानं पत्र्यावर दोनदा टकटक केलं. "आहे काय वं कोणी?" म्हणाले, आणि थांबले. आत कोणी नव्हतं. तरी बादली हातात धरून ते बराच वेळ थांबले.

ते मला बघवलं नाही. तेव्हापासून रामनवमीला साडेअकरा वाजले की मी सावलीतली जागा सोडते आणि त्या कोरड्या वाळ्यात जाऊन बसते. बाराला टकटक होते. मला जो एक शब्द येतो, तो मी आतून म्हणते.

"आमची नाही," काका सगळ्यांना सांगतात. "येते कधी कधी."

मग ते बादली खाली ठेवतात, आणि कूलर लावायची घाई कोणी करत नाही.